बेटावर निघण्याआधी तिथी बघा

बडोद्याहून कोकणातल्या एखाद्या बेटावरच्या गावी निघालात, तर खाडीतली लहान होडी भरतीचं पाणी असेल तरच धक्क्याला लागते. ओहोटीला पोहोचलात की बसा उन्हात. म्हणून तिकीट काढतानाच कॅलेंडर उघडा.

तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन: भरती साधारण ३ वाजता, पहाटे आणि दुपारीही. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती ६ वाजता, म्हणजे भर दुपारी नुसता चिखल! शुक्ल-कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशेब.

अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, होडीवाल्याला फोन कराच. आणि आपल्या खंभातच्या आखाताला हा हिशेब लावू नका, तिथल्या वेळा वेगळ्या असतात.