सिएटलच्या गारठ्यात केळ, कर्दळ आणि सोनटक्का: कसं लावावं, कसं जगवावं

सिएटलला पाऊस फार, असं सगळेच सांगतात. मी चिपळूणची, त्यामुळे इथे घर घेतलं तेव्हा वाटलं, पाऊस आहे ना, मग केळी-कर्दळी आपोआप वाढतील. पहिल्याच वर्षी सोनटक्क्याचे गड्डे परसातल्या सखल कोपऱ्यात लावले, छपराचं पाणी उतरतं तिथे, गावी लावतात तसेच. मार्चमध्ये उकरून पाहिले तर बोटांत नुसता लगदा आला, आणि वासही कुजका. आईला फोनवर सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "अगं, पण झाड झोपलेलं असताना त्याच्या पायाशी पाणी कशाला?"

सगळी गोम तिथेच आहे. इथे वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कोकणाच्या मानाने काहीच नाही. पण तो पडतो नोव्हेंबर ते जानेवारीत, दर महिन्याला दीडशेच्या आसपास, जेव्हा ही झाडं जमिनीखाली निपचित असतात. जुलै-ऑगस्टमध्ये, त्यांच्या वाढीच्या ऐन दिवसांत, दोन्ही महिने मिळून जेमतेम ४० मिलिमीटर. आपला पावसाळा उलटा करून ठेवलाय असं समजा. त्यामुळे बागेची सगळी कामं दोन गोष्टींभोवती फिरतात: हिवाळ्यात गड्डे कोरडे ठेवायचे आणि उन्हाळ्यात हाताने पावसाळा करायचा.

आधी जमीन बघा

झाडं घेण्याआधी एक हिवाळा जमीन ओळखण्यात घालवलात तरी चालेल. नोव्हेंबरात फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. तासाला दोन-तीन सेंटिमीटर पाणी उतरलं तर निचरा चांगला. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर तिथे कंद लावू नका. इथल्या बऱ्याच अंगणांत वरच्या मातीखाली हिमनदीने दाबून घट्ट केलेला थर असतो. कुदळ त्यावर दगडावर आपटल्यासारखी वाजते, आणि पाणी त्याच्यावरच थांबतं.

तो थर फोडत बसू नका. त्यावर फूट-दीड फूट उंच वाफा करा, माती आणि कंपोस्ट मिसळून, हवी तर थोडी बारीक खडी घालून. आपल्याकडे झाडाला आळं करतात. इथे आळं फक्त उन्हाळ्यापुरतं. ऑक्टोबरात ते मोडून बुंध्याशी उतरता उंचवटा करायचा. वाफा दक्षिणेकडच्या भिंतीलगत मिळाला तर उत्तम, कारण भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री परत देते.

काय लावावं

केळ हवी तर 'मूसा बासजू' हीच जात घ्या. हिला जपानी केळ म्हणतात, पण ती मूळची चीनची. पानं पहिल्या हिमात जळतात, मात्र कंद आच्छादनाखाली बराच कडाका सोसतो. फळांची आशा ठेवू नका, ही केळ पानांसाठी लावायची.

सोनटक्क्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. आपला पांढरा सोनटक्का इथे जगतो, पण फुलायला त्याला लांबलचक ऊब लागते. कळ्या धरेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो आणि मग थंडी त्या उमलू देत नाही. त्याच कुळातला, आधी फुलणारा भाऊबंद घ्या. 'असाम ऑरेंज' उन्हाळ्यातच केशरी तुऱ्यांनी भरतो आणि थंडीलाही काटक आहे. 'तारा' जास्त भरदार, थोडा उशिरा फुलणारा. आईच्या अंगणातला दरवळ त्यांना नाही, हे खरं. तेवढ्यासाठी मी पांढऱ्याची एक कुंडी ठेवली आहे, ती थंडी सुरू झाली की गॅरेजमध्ये जाते.

कर्दळ उंच वाफ्यात सहज टिकते. अळूत 'पिंक चायना' थंडीला काटक, गुलाबी देठांचा. पण तो पसरतो, म्हणून जागा विचारपूर्वक द्या, आणि शोभेच्या अळूच्या वड्या करायला जाऊ नका. ज्या कोपऱ्यात पाणी साचतंच तिथे डार्मेरा लावा. दक्षिण ऑरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियातली ही ओढ्याकाठची वनस्पती, पानं छत्रीएवढी, आणि ओल हेच तिचं सुख.

गावाहून बॅगेत गड्डे आणू नका. लागवडीच्या रोपाकंदांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. इथल्या नर्सऱ्यांत या सगळ्या जाती मिळतात. झाडं प्रत्यक्ष बघायची असतील तर फेरीने किंग्स्टनला जाऊन हेरन्सवुड बाग पाहा. वनस्पतिसंग्राहक डॅन हिंकली यांनी १९८७ मध्ये उभी केलेली ही बाग आता पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम या इथल्या मूळनिवासी जमातीच्या मालकीची आहे.

लागवड मे अखेरीस

रात्री १० अंशांच्या खाली जाईनाशा झाल्या की लावा. शरदात लावलेला कोवळा कंद मुळं धरण्याआधीच ओल्या थंडीत सापडतो. गड्डा चार बोटं खोल, डोळे वर. पहिली पालवी आली की बिनकवचाच्या गोगलगायी रात्रीत ती फस्त करतात. त्यांना मारणारे आयर्न फॉस्फेटचे दाणे पसरा आणि संध्याकाळी टॉर्च घेऊन एक फेरी मारा.

जूनपासून आठवड्यातून दोनदा मुळांपर्यंत पाणी द्या. रोजचं वरवरचं शिंपण कामाचं नाही. केळ खादाड आहे, तिला कंपोस्ट आणि कुजलेलं शेणखत दोन्ही घाला, पण ऑगस्टच्या मध्यानंतर खत बंद. उशिरा फुटलेली लुसलुशीत वाढ थंडीत टिकत नाही.

हिवाळ्याची बांधाबांध

ऑक्टोबरात पाऊस लागण्याआधी कोरडा पाला पोत्यांत भरून गॅरेजमध्ये ठेवा. ओकची पानं किंवा पेंढा चांगला. मेपलची पानं भिजली की पापडासारखी एकमेकांना चिकटतात आणि हवा कोंडते.

मग एका सकाळी केळीची पानं उकडलेल्या पालकासारखी काळी लोंबताना दिसतील. घाबरू नका. पानं कापा, खोड चार फुटांवर छाटा, भोवती वीतभर अंतरावर जाळीचं कडं उभं करा आणि त्यात पाला दाबून भरा. वर तिरकं छप्पर हवं, पण बाजू मोकळ्या. पूर्ण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं खोड आतल्या आत सडतं. कर्दळ, सोनटक्का आणि अळू मात्र जमिनीलगत कापून वर फूटभर पाल्याची रास करा.

२०२४ च्या जानेवारीत पारा उणे ९ पर्यंत गेला तेव्हा माझी एक केळ न बांधलेली राहिली होती. खोड पार गेलं, पण मे महिन्यात बुंध्यातून तीन पिल्लं वर आली. बांधलेलीचं खोड मार्चमध्ये वरून तपकिरी, मऊ होतं. सुरीने चकत्या काढत खाली गेले, तर हातभर खाली पांढरा घट्ट गाभा लागला. तिथेच थांबले. दोन आठवड्यांत त्या गाभ्यातून पानाची गुंडाळी वर आली.

एप्रिलमध्ये पाला हळूहळू काढा. केळ लवकर जागी होते, पण सोनटक्का मे अखेरपर्यंत, कधी जूनपर्यंत डोकं वर काढत नाही. मेला समजून तो उकरू नका. गड्डा बोटाने दाबून बघा, घट्ट लागला तर परत झाकून टाका. तीन-चार वर्षांनी दाटी झाली की मे महिन्यातच गड्डा काढून तुकडे करा, प्रत्येकाला दोन तरी डोळे ठेवा, आणि काप दोन दिवस सावलीत सुकल्यावर लावा.