टोसिस (पडलेली पापणी) शिकताना दुसऱ्या डोळ्याकडे बघा

ऑक्युलोप्लास्टीकडे, म्हणजे पापण्या आणि डोळ्याभोवतालच्या शस्त्रक्रियांकडे, वळणाऱ्या ज्युनियर्सचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फेलोशिपमध्ये केसेस किती करायला मिळतील? हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद असो, चेन्नईचं शंकर नेत्रालय असो की मदुराईचं अरविंद, या नेत्रसंस्थांचा अर्ज भरताना सगळे हाच आकडा विचारतात. मी म्हणेन, आणखी एक विचारा: आपण ऑपरेट केलेला पेशंट सहाव्या दिवशी आणि सहाव्या आठवड्यात आपल्याच समोर बसतो का?

फेलोशिपचा दुसरा महिना होता. निवृत्त शिक्षिका, वय ६२, उजवी पापणी वर्षभरात हळूहळू खाली आलेली. एमआरडी, म्हणजे बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर, उजवीकडे १ मिमी, डावीकडे ३.५. लेव्हेटर (पापणी उचलणारा स्नायू) चांगला, त्याचं फंक्शन १४ मिमी, पापणीची घडी वर सरकलेली. सरळसरळ अपोन्यूरोटिक टोसिस, म्हणजे स्नायू ठीक पण त्याला पापणीशी जोडणारा पडदा सैल. बाहुल्या सारख्या, बेल्स (डोळा मिटताना बुबुळ वर जाणं) चांगला, संध्याकाळी पापणी जास्त पडते असंही नाही. सगळं नीट मोजून केस पेपरवर लिहिलं होतं. लोकल भूल देऊन उजव्या लेव्हेटरचं ॲडव्हान्समेंट केलं, म्हणजे तो पुढे ओढून शिवला. सर शेजारी उभे होते, पापणी सुरेख उचलली गेली.

सहाव्या दिवशी बाई टाके काढायला आल्या. एमआरडी उजवीकडे ४, डावीकडे २. "डॉक्टर, हा डोळा उघडला, पण माझा चांगला डोळा का मिटायला लागला? लकवा तर नाही ना?" त्यांचा आवाज कापत होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर हेरिंगच्या नियमात होतं. तो मी परीक्षेत लिहिला होता, पण तिरळेपणाच्या प्रश्नात. एवाल्ड हेरिंगने १८६८ मध्ये तो दोन डोळ्यांच्या हालचालींसाठी मांडला: जोडीने काम करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो. पापण्यांनाही तो लागू पडतो, कारण दोन्ही लेव्हेटरना हुकूम तिसऱ्या नर्व्हच्या एकाच सामाईक केंद्रातून जातो. एका व्हॉल्व्हवर दोन नळ आहेत असं समजा. उजवा बराच तुंबलाय, डावा थोडासाच. उजव्याला पाणी यावं म्हणून व्हॉल्व्ह जास्त सोडला, की डावा जोरात वाहतो आणि त्यात काही दोष आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. उजवा साफ केलात की व्हॉल्व्ह पुन्हा कमी होतो आणि डाव्याची खरी धार दिसते. बाईंचा डावा डोळा 'चांगला' नव्हताच. ते ३.५ उसनं होतं.

हे तपासायला मिनिटभरही लागत नाही. पेशंटला सरळ समोर बघायला सांगा. कपाळ वर ओढलं जाऊ नये म्हणून दोन्ही भुवया अंगठ्याने दाबून धरायला सहकाऱ्याला सांगा. पडलेली पापणी बोटाने उचला, आणि नजर मात्र दुसऱ्या पापणीवर ठेवा. लगेच सोडू नका, मनात पंधरापर्यंत मोजा. ती उतरली तर मोजपट्टी लावून किती उतरली ते लिहा. मग पडलेल्या पापणीचा डोळा झाकूनही बघा. त्याच डोळ्यात २.५ टक्के फिनाइलएफ्रिनचा (पापणी थोडा वेळ उचलणारं औषध) थेंब घालून दहा मिनिटांनी पुन्हा मोजता येतं, फक्त बीपी आणि हृदयाचं आधी विचारा. ऑपरेशन थिएटरमध्ये दोन्ही डोळे ड्रेपबाहेर (अंगावर पसरलेल्या निर्जंतुक कापडाबाहेर) ठेवा आणि पेशंटला उठवून बसवून उंची बघा. माझ्या केसमध्ये डावा डोळा ड्रेपखाली होता. समोर घडत असलेलं मला दिसूच शकत नव्हतं.

चाचणीत उतरलेली प्रत्येक पापणी ऑपरेशननंतर उतरतेच असं नाही, त्यामुळे घाबरून दर वेळी दोन्ही बाजू करू नका. पण पेशंटला आरशासमोर बसवून आधी दाखवा, आणि संमतीपत्रावर लिहा. आधी सांगितलं तर तो सल्ला असतो, नंतर सांगितलं तर पेशंटला ती सबब वाटते.

बाकी धोके तुम्ही वाचलेलेच आहेत. पापणी पडली, डोळा बाहेर वळला आणि बाहुली मोठी, तर मोजपट्टी खाली ठेवा आणि मेंदूच्या अँजिओग्राफीची धावपळ करा. ॲन्युरिझम (मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा) असू शकतो. कमीजास्त होणाऱ्या टोसिसला दोन मिनिटं बर्फ लावून बघा, पापणी उचलली तर मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असू शकतो. लहान मुलाची बाहुली झाकली जात असेल तर 'मोठा झाल्यावर बघू' म्हणणाऱ्याचं ऐकू नका, तोवर डोळा आळशी होतो, म्हणजे त्याची नजरच नीट तयार होत नाही.

वीकेंड वर्कशॉपबद्दल माझं मत कडवट आहे. तिथे टाका शिकाल, मोजणं शिकणार नाही. मला ते सरांनी शिकवलं. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. बाईंसमोर बसले, चूक आमची आहे असं स्पष्ट सांगितलं, आणि पुढचे सगळे फॉलोअप माझ्याकडेच ठेवले. हात धरून टाका घालायला लावणारे बरेच भेटतील. असे सर शोधा. आणि अशी चूक तुमच्याकडून झालीच तर शाखा सोडायचा विचार करू नका, मी दोन आठवडे केला होता.

तीन महिन्यांनी बाई स्वतःहून डावी पापणी करून घ्यायला आल्या. या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून, टेबलावर बसवून मोजलं. दोन्हीकडे ३.५.