अंदमानला जाताय? मग जरा निवांत जा

पहिली गोष्ट, ५ दिवसांत सगळं बघायचा हट्ट सोडा. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम म्हणतात) एक दिवस बास, सेल्युलर जेल शांतपणे बघा, सावरकरांची कोठडी बघताना आपसूक गप्प व्हायला होतं. मग सरळ फेरीने हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, तिथे ३ रात्री तरी राहाच. फेरीची तिकिटं आधी काढा, सीझनमध्ये ऐनवेळी मिळत नाहीत, आणि बोट लागत असेल तर गोळी आधीच घ्या, निघाल्यावर काही उपयोग नाही.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य ५ च्या आसपासच मावळतो बरं का, घड्याळ आपलंच पण बेटं खूप पूर्वेला, त्यामुळे जेवून ताणून दिलीत तर हॅवलॉकच्या राधानगर बीचचा सनसेट गेलाच म्हणून समजा. पहाटे लवकर उठा, तिथल्याच काळापत्थर बीचला सूर्योदय बघा, दुपारी खुशाल झोपा, फक्त सनसेटच्या आधी उठा.

नील बेटावर (शहीद द्वीप) ओहोटीची वेळ विचारूनच नैसर्गिक पुलाकडे जा, भरतीत तिथवर जाता येत नाही. कॅश जवळ ठेवा, नेटवर्कचा भरवसा नाही. आणि शिंपले, कोरल बॅगेत भरू नका, एअरपोर्टवर पकडतात.