इंट्राकॅथ, ड्रेसिंग, कॅथेटर करताना काय टच होऊ द्यायचं नाही

नवीन जॉइन झालेल्या जीएनएम, बीएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींना वॉर्डात सोडलं की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट हमखास दिसते. ग्लोव्हज चढवले की यांना वाटतं आता सगळं स्टराईल झालं. मग त्याच ग्लोव्हजनी बेडशीट सरळ करणार, ट्रॉली ओढणार, कपाळावरचे केस मागे सारणार आणि त्याच हातानं इंट्राकॅथचं, म्हणजे शिरेत घालायच्या सलाईनच्या बारीक नळीचं, पाकीट फोडणार. अहो, त्या ग्लोव्हजनी तुमचा हात वाचला, पेशंटच्या शिरेत मात्र बेडच्या कठड्यावरचं सगळं गेलं की.

म्हणून मी ज्युनिअर्सना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते, हातातल्या सामानाचा कुठला भाग आत जाणार आहे ते आधी ओळखा. एएनटीटी (असेप्टिक नॉन टच टेक्निक) म्हणून जी पद्धत आहे, इंग्लंडमध्ये 1990 च्या दशकात सुरू झालेली, तिचा गाभा हाच आहे. सुईचं टोक, सिरिंजचं नोजल, आयव्ही सेटचा (सलाईनच्या नळीचा) बाटलीत घुसणारा स्पाईक, इंट्राकॅथचं हब म्हणजे सिरिंज जोडायचं तोंड, हे झाले की पार्ट. टोचायची जागा, जखम, कॅथेटर आत जातं ती जागा ही की साईट. की पार्टला फक्त दुसरा की पार्ट नाहीतर की साईट लागली पाहिजे, बाकी काही लागलं की ते बाद. मग ते तुमचं बोट असो, ट्रे असो, नाहीतर पेशंटची चादर. सिरिंज भरून टोपण न लावता ट्रेमध्ये आडवी टाकली आणि नोजल ट्रेला टेकलं तर ती सिरिंज गेली, कितीही घाई असली तरी नवीन घ्यायची.

आता हात. हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं स्पिरिटचं औषध, असेल तर 20 ते 30 सेकंद, साबण-पाणी असेल तर 40 ते 60 सेकंद. घड्याळ बघत बसू नका, शुभंकरोति मनातल्या मनात सावकाश दोनदा म्हणा, रब होऊन जातो. अंगठा आणि बोटांची टोकं सगळ्यात जास्त सुटतात आणि नेमकी तीच पेशंटला लागतात. हात दिसायला घाण असेल, रक्त लागलं असेल, किंवा वॉर्डात सी डिफ नावाच्या जंतूच्या जुलाबाचा पेशंट असेल तर रब चालत नाही, नळावरच जायचं, कारण त्या जंतूचे स्पोर (कडक कवचातली बीजं) स्पिरिटनं मरत नाहीत. आणि ग्लोव्हज काढल्यावरही हात धुवायचा असतो, हे तर निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

बांगड्यांवरून माझी भांडणं झालीत. लग्न होऊन आठ दिवस झालेली मुलगी हिरवा चुडा भरून ड्युटीला येते, तिला काढ कसं म्हणायचं, पण ड्रेसिंग करायचं असेल तर कोपराच्या खाली काहीच नको, अंगठी नको घड्याळ नको. मुलंही काही कमी नाहीत, राखीचा दोरा दिवाळीपर्यंत मनगटावर लोंबत असतो, पार काळा पडलेला. कुणाला वाटत असेल एवढ्यानं काय होतंय तर व्हिएन्नाचा डॉक्टर सेमेलवाईस आठवा. डॉक्टर लोक पोस्टमॉर्टेम करून तसेच बाळंतिणींना तपासायला जायचे, एप्रिल 1847 मध्ये त्याच्या वॉर्डात शंभरातल्या अठरा बायका गेल्या. मेमध्ये त्यानं क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि जूनमध्ये आकडा दोनवर आला. अँटिबायोटिक नाही, ग्लोव्हज नाहीत, फक्त हात.

इंट्राकॅथ लावायचं तर आधी सगळं सामान जवळ घ्या, मधेच उठून टेप आणायला जायचं नाही. पाकीट फाटलेलं, ओलसर नाही ना आणि एक्सपायरी काय ते बघा. टूर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) बांधा, व्हेन म्हणजे शीर बोटानं चाचपून नक्की करा, टूर्निकेट सैल करा, हात रब करा, ग्लोव्हज घाला आणि मग ती जागा क्लीन करा. 70 टक्के अल्कोहोलमधलं 2 टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतू मारायचं औषध) असेल तर उत्तम, पुढे-मागे 30 सेकंद घासायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. आपोआप म्हणजे आपोआप. फुंकर मारायची नाही! हातानं वारा घालायचा नाही, गॉजनं पुसायचं नाही. तोंडातले सगळे जंतू तुम्ही आत्ताच साफ केलेल्या जागेवर टाकताय, आणि वाळल्याशिवाय जंतू पुरते मरतही नाहीत, वर पेशंटला चुरचुरतं ते वेगळं. बीटाडीन वापरत असाल तर अजून थांबावं लागतं, दोन मिनिटं तरी.

आणि आता सगळ्यात कॉमन चूक. क्लीन केल्यावर पुन्हा बोटानं व्हेन चाचपायची. सगळेच करतात, पंधरा वर्षं नोकरी झालेल्याही करतात, कारण टूर्निकेट परत आवळली की व्हेन थोडी सरकल्यासारखी वाटते. मी काय करते, क्लीन करायच्या आधीच त्या व्हेनजवळचा एखादा तीळ, सुरकुती लक्षात ठेवते आणि मग फक्त डोळ्यांनी अंदाज घेते. तरी हात लागलाच तर परत क्लीन करा, परत 30 सेकंद. एक इंट्राकॅथ एकदाच टोचायचं, व्हेन फुटली तर तेच दुसरीकडे घालायचं नाही आणि अर्धवट बाहेर काढलेली सुई परत आत सारायची नाही, आतली प्लॅस्टिकची नळी कापली जाते. दोन वेळा जमलं नाही तर सिनिअरला बोलवा, पेशंटच्या हाताची चाळण करू नका.

फिक्स करायचे टेप. मायक्रोपोरचे तुकडे आधीच कापून बेडच्या कठड्याला, नाहीतर स्वतःच्या ॲप्रनला चिकटवून ठेवायची सवय आहे ना, ती सोडा. तो तुकडा पुढे सरळ सुईच्या भोकावर जातो. पारदर्शक ड्रेसिंग मिळत असेल तर तेच लावा, खालची जागा न उघडता दिसते. तारीख, वेळ लिहा, नाहीतर तिसऱ्या दिवशी कुणालाच माहीत नसतं की हे कधी लावलंय.

लावून झालं म्हणजे संपलं नाही. प्रत्येक औषध देताना हब किंवा पोर्ट स्पिरिट स्वॅबनं 15 सेकंद दाबून घासा, वाळू द्या, मग सिरिंज जोडा. थ्री वेचं, म्हणजे नळीला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीचं, टोपण काढून चादरीवर ठेवून परत तेच बसवायचं नाही, नवीन लावा. दर शिफ्टला जागा बघा, नुसतं दुखतंय किंवा किंचित लाल आहे तर नजर ठेवा, पण दुखणं, लाली, सूज यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की काढा आणि दुसरीकडे लावा. ‘असू दे, लागलं तर लागेल’ म्हणून तोंडानं गोळ्या चालू झालेल्या आजींच्या हातात चार-चार दिवस इंट्राकॅथ तसंच असतं. राउंडला डॉक्टरांना स्वतःहून विचारा, काढू का.

जाता जाता स्पिरिटच्या बोळ्यांच्या डबीबद्दल. सकाळी कापूस भिजवून स्टीलच्या डबीत भरायचा आणि तीन शिफ्ट सगळ्यांनी त्यात बोटं घालायची. ही डबी मला आवडत नाही आणि डब्ल्यूएचओलाही आवडत नाही, भिजवून साठवलेल्या कापसात जंतू वाढतात आणि डबी उघडी राहून स्पिरिट उडतं ते वेगळं. पाकिटातले स्वॅब नसतील तर त्या त्या वेळी कोरड्या बोळ्यावर स्पिरिट ओता, दोन सेकंदांचं काम आहे.

ड्रेसिंगला वेळ निवडणं अर्धं काम आहे. मावशींनी आत्ताच झाडू मारलाय, धूळ उडतीये, नाहीतर नातेवाईकांचा घोळका उभा आहे, तेव्हा सेट उघडू नका. फॅन बंद करा, उन्हाळ्यात पेशंट कुरकुरतो, पाच मिनिटं म्हणावं काका. राउंड लावताना आधी क्लीन ऑपरेशनचे टाके, पू असलेली जखम सगळ्यात शेवटी. जुनं ड्रेसिंग साध्या ग्लोव्हजनी काढा, पिवळ्या पिशवीत टाका, ग्लोव्हज काढा, रब करा, मगच स्टराईल सेट. पुडक्याच्या ऑटोक्लेव्ह (वाफेनं स्टराईल करायचं मशीन) टेपवरच्या रेघा काळ्या झाल्यात का, पुडकं ओलं तर नाही ना, बघून घ्या, ओलं पुडकं म्हणजे अनस्टराईल. उघडताना पहिला कोपरा स्वतःपासून लांबचा, म्हणजे नंतर त्यावरून हात न्यावा लागत नाही. कापडाची कडेची एक इंच पट्टी अनस्टराईलच धरायची. जखम मधून बाहेर पुसा, एक बोळा एकदाच, फिरवून परत मधे आणायचा नाही. आणि बोलणं कमी, मास्क असला तरी.

मी शिकत होते तेव्हा एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करताना माझा फोर्सेप (चिमटा) त्यांच्या घोंगडीला टेकला. कुणी बघितलं नव्हतं, सेट तसा शेवटचाच होता, मी तशीच पुढे चालू. मागून इनचार्ज सिस्टरचा आवाज आला, ‘काय टच झालं गं?’ ओरडल्या नाहीत. शेजारच्या वॉर्डातून सेट आणायला लावला, सगळं पहिल्यापासून करायला लावलं आणि जेवणाची सुट्टी गेली. आजही फोर्सेप हातात घेतला की तो आवाज ऐकू येतो.

युरिन कॅथेटरचं थोडक्यात. पिशवी ब्लॅडरच्या खालीच लटकली पाहिजे पण जमिनीला टेकता कामा नये, जोड उगाच उघडायचे नाहीत, पिशवी रिकामी करताना नळीचं तोंड भांड्याला लागू द्यायचं नाही आणि प्रत्येक पेशंटचं भांडं वेगळं. एक्सरेला नेताना वॉर्डबॉय मामा पिशवी उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात, सगळी लघवी उलटी आत जाते. निघायच्या आधी पिशवी रिकामी करून द्या आणि स्ट्रेचरच्या कडेला खाली अडकवा.

कचरा जिथल्या तिथे. सुई पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, टोपण परत न लावता. आयव्ही सेट, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. रक्ताचं ड्रेसिंग पिवळ्यात, काचेचे ॲम्प्युल निळ्यात.

तरीही सुई लागलीच तर बोट पिळत बसू नका, तोंडात तर अजिबात घालू नका. साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच इनचार्जला सांगा. ‘ओरडा बसेल’ म्हणून लपवणाऱ्या मुली मी बघितल्यात. एचआयव्हीची पीईपी, म्हणजे लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, लागणार असेल तर पहिला डोस दोन तासांच्या आत गेलेला चांगला, 72 तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का ते आजच कार्ड काढून बघा, दुसरा घेऊन तिसरा विसरलेले खूप असतात. आणि पीईपीच्या गोळ्या रात्री कुणाकडे, कुठल्या कपाटात मिळतात ते जॉइन झाल्याच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, रात्री दोन वाजता चावी शोधायला लागू नका.