मणक्याचं ऑपरेशन आणि घरातलं कुत्रं-मांजर: पहिले सहा आठवडे कसे काढायचे

कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं की डॉक्टर तीन गोष्टींना सक्त मनाई करतात: कमरेत वाकणं, वजन उचलणं आणि कंबर पिळून मागं वळणं. दोन मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीचा (डिस्कचा) नस दाबणारा तुकडा काढला असेल, तर ही पथ्यं साधारण सहा आठवडे पाळावी लागतात. स्क्रू बसवून मणके जोडले असतील, तर हाड जुळेपर्यंत, म्हणजे तीन महिने किंवा त्याहूनही जास्त. तुमचा नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, कारण ऑपरेशनागणिक तो बदलतो.

कुत्र्या-मांजराची बहुतेक कामं नेमकी या तीन हालचालींचीच असतात. भांडं खाली ठेवायचं, साखळी ओढून धरायची, घाण उचलायची. आणि खरा धोका वजनापेक्षा झटक्याचा आहे. ऑपरेशन झालेलं माणूस तांदळाचं पोतं उचलायला जात नाही, पण मांजरानं दुधाचं पातेलं पाडलं की हात आपोआप खाली जातो. गादीच्या बाहेरच्या कड्याला जिथं चीर असते, ती भरून यायला वेळ लागतो. तोवर असा एखादा झटका बसला, तर आतला मऊ भाग त्याच वाटेनं पुन्हा बाहेर येऊ शकतो. म्हणून ‘मी जपून वागेन’ यावर विसंबू नका, घराचीच मांडणी बदला.

ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस

१. जनावरांच्या डॉक्टरांकडची कामं उरकून घ्या. रेबीजची लस, जंताचं औषध, गोचिडाचं औषध, नखं कापणं, अंघोळ. नखं कापलेली असली की कुत्रं फरशीवर कमी घसरतं आणि अंगावर पाय टाकलाच तर ओरखडा कमी लागतो.

२. साखळी कोण धरणार ते ठरवा आणि त्या माणसाला आत्तापासूनच कुत्रं फिरवायला लावा. ऐन वेळी शेजारच्या पोराच्या हातात साखळी दिली तर कुत्रं त्याला जुमानत नाही आणि शेवटी तुम्हालाच उठावं लागतं. एक मुख्य माणूस आणि एक राखीव, असे दोघं हवेत.

३. दार उघडण्याआधी आणि जेवण देण्याआधी कुत्र्याला ‘बस’ म्हणून बसवायची सवय लावा. रोज पाच-पाच मिनिटं, दोन-तीन वेळा. अंगावर उडी मारणारं कुत्रं या पंधरवड्यात बरंच शांत करता येतं.

४. जमिनीवरच्या सैल सतरंज्या, पायपुसणी, कुत्र्याची खेळणी उचलून ठेवा. शहाबादी किंवा कोटा फरशीवर कुत्र्यानं पाणी सांडलं की ती साबणासारखी निसरडी होते. आपली कोल्हापुरी चप्पल घरात अजिबात नको: मागं पट्टा नाही आणि कातडी तळ ओल्या फरशीवर सरकतो. मागून पट्टा असलेली रबरी तळाची सँडल घ्या, आणि ती न वाकता घालता यावी म्हणून लांब दांड्याचं शूहॉर्नही घ्या.

५. पडलेली वस्तू उचलायला लांब दांड्याचा चिमटा घ्या, सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळतो. एक पलंगाशी, एक स्वयंपाकघरात. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्चीही याच फेरीत आणा, कारण उकिडवं बसणं बंद असतं.

घरी आलात तो दिवस

तुम्ही रिक्षातून किंवा गाडीतून उतरत असताना कुत्रं घरात मोकळं नको. त्याला तेव्हाच लांब फिरवायला पाठवा. तुम्ही आत या, हात असलेल्या उंच खुर्चीत बसा, मग दमलेलं कुत्रं साखळीला धरून बाजूनं आणा, समोरून नाही. समोरून आलं की ते मांडीवर झेप घेतं आणि तुम्ही त्याला अडवायला पुढं झुकता. बाजूनं आलं की हात नुसता खाली सोडून डोक्यावरून फिरवता येतो. पहिल्या भेटीला दोन मिनिटं पुरेत. माया कमी करायची नाही, फक्त ती बसल्या जागेवरून करायची.

पलंगावर जनावर नको, निदान टाके निघेपर्यंत. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. कुत्र्या-मांजराच्या लाळेतल्या जंतूंमुळे जखम चिघळू शकते आणि स्क्रू बसवले असतील तर तो संसर्ग आवरणं फार अवघड जातं. पाठीची पट्टी त्यांना हुंगू-चाटू देऊ नका. त्यांना हात लावला की साबणानं हात धुवा.

उठताना सरळ बसायचं नाही. गुडघे दुमडा, खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर या, पाय पलंगावरून खाली सोडा आणि त्याच वेळी हातांनी जोर देऊन उठा. यात एक अडचण येते: पाय खाली सोडता तिथंच मांजर झोपलेलं असतं. त्याच्या पट्ट्याला घुंगरू बांधा. रात्री लघवीला उठलात तर ते पायात आलंय हे ऐकू येतं. छोटा झिरोचा दिवाही चालू ठेवा. पट्टा मात्र ओढ बसली की सुटणारा हवा, नाहीतर मांजर कुठंतरी अडकून गळफास बसायचा.

साखळी

निदान सहा आठवडे साखळी हातात घ्यायची नाही. कुत्रं गुणी असलं तरी नाही. गल्लीतलं भटकं कुत्रं भुंकत आलं की पंचवीस-तीस किलोचं लॅब्रडॉर एका क्षणात वळतं. ती ओढ तुमच्या एका हातातून कमरेत जाते, आणि तीही पीळ देऊन. कमरेला बांधायची ‘हात मोकळे’ ठेवणारी साखळी तर सगळ्यात वाईट, कारण ओढ थेट मणक्यावर येते.

चालणं तुम्हालाही हवंच, मणक्याच्या ऑपरेशननंतर तोच मुख्य व्यायाम. फक्त ते वेगळं ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं सपाट जागेवर चाला आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. कोल्हापुरात असाल तर रंकाळा तलावावर संध्याकाळी जाऊ नका. गर्दी, पळणारी मुलं, भेळेच्या गाड्यांभोवतीची कुत्री, यात धक्का चुकवताना कंबर वळते. सकाळी लवकर गेलात तर चालेल, तेही सोबतीला माणूस घेऊन.

खाणं-पाणी आणि मांजराची पेटी

मांजराचं सोपं आहे. त्याचं ताट ओट्याच्या किंवा टेबलाच्या उंचीवर ठेवा, ते चढून खातं. घाणीची पेटीही दोन-अडीच फुटांच्या मजबूत टेबलावर ठेवा आणि चढायला शेजारी स्टूल द्या. म्हातारं किंवा जाडजूड मांजर चढत नसेल तर पेटी खालीच राहू द्या आणि ते काम घरच्या दुसऱ्या माणसाकडं द्या. वाळूची पाच किलोची पिशवी तुम्ही उचलायची नाही. कुणाकडून तरी ती एकेक किलोच्या डब्यांत भरून ओट्यावर लावून घ्या.

कुत्र्याला कोरडं खाणं देत असाल तर साधी युक्ती आहे. प्लंबरकडून दोन इंची पीव्हीसी पाईपचा तीन फूट तुकडा आणा, कडा घासून घ्या, खालचं टोक भांड्यात टेका आणि वरून वाटीनं खाणं सोडा. पाणी लांब तोटीच्या झारीनं ओता, झारी मात्र अर्धीच भरा. भाकरी-दूध, भात असं ओलं खाणं असेल तर ते वाढायला आणि भांडी धुवायला माणूस लागतोच. बघायला आलेले पाहुणे तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातली हाडं कुत्र्याला प्रेमानं टाकतात. तेही थांबवा. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याला घातक असतो, शिजलेली हाडं फुटून आतडं फाडतात, आणि रात्री-अपरात्री त्याला दवाखान्यात न्यायची वेळ येते.

तुमच्या गोळ्या त्यांच्या तोंडात जाऊ देऊ नका

याकडं फार कमी लोक लक्ष देतात, आणि यात जनावर दगावतं. पॅरासिटामॉल मांजराला अगदी थोडंसंही विष आहे. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं, धाप लागते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंड निकामी होतं. उलट्या आणि डांबरासारखी काळी शी ही खूण. मणक्याच्या रुग्णाच्या उशाशी नेमक्या याच गोळ्या असतात. त्या उशाखाली किंवा पलंगाच्या कडेला नकोत, झाकणाच्या डब्यात घालून कपाटात ठेवा. गोळी खाली पडली तर सापडेपर्यंत जनावराला खोलीबाहेर काढा. गिळलीच तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, दूधही देऊ नका. गोळ्यांची पट्टी घेऊन लगेच जनावरांचा दवाखाना गाठा.

कुत्रं किंवा मांजर चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि रेबीजची लस घ्या. ऑपरेशन झालंय म्हणून ती लांबवायची नसते. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) सारख्या सरकारी दवाखान्यात ती मिळते.

पावसाळ्यातलं ऑपरेशन

तारीख तुमच्या हातात असेल आणि घर पूररेषेत असेल, तर जुलै-ऑगस्ट टाळा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिलाय, त्यांना गुडघाभर पाण्यातून जनावर काढणं काय असतं ते माहीत आहे. ताज्या टाक्यांनी ते करता येत नाही. टाळता येत नसेल तर ३९ फुटांची वाट न बघता कुत्रं आणि तुम्ही दोघंही उंचावरच्या नातेवाइकांकडं जा. पिंजरा, पट्टा, आठवड्याचं खाणं आणि लसीचं कार्ड एका पिशवीत भरून दाराशी ठेवा.

दारात म्हैस असेल तर

धार काढायला उकिडवं बसावं लागतं, पुढं झुकावं लागतं आणि म्हशीनं पाय झाडला तर एकदम मागं सरकावं लागतं. शेण काढणं, वैरणीची पेंडी टाकणं त्याहून जड. ही कामं कुत्रं फिरवण्याच्याही नंतर, डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्यावरच. जोडलेल्या मणक्यांना सहा महिनेही लागू शकतात, म्हणून तेवढ्या मुदतीसाठीच धार काढणारा माणूस ठरवा.

पुन्हा साखळी धरताना

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिला आठवडा दोन साखळ्या लावा, एक तुमच्या हातात आणि एक दुसऱ्या माणसाच्या. छातीपाशी कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा) वापरा, त्यानं ओढ कमी होते, थांबत मात्र नाही. दहा मिनिटांत परत या. शी उचलायला लांब दांड्याचं सुपडं ठेवा. दुसऱ्या दिवशी पायात कळ उतरली तर डॉक्टरांना कळवा आणि आठवडाभर साखळी धरू नका. पाऊल उचलेनासं झालं, मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मात्र थांबू नका, त्याच तासाला दवाखान्यात जा. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, एका पोटरीला सूज यासाठी त्याच दिवशी. घरातून निघताना कुत्र्याची सोय बघणाऱ्याला एक फोन करा.