न्यूट्रॉनची जागा मिलिमीटरात हवी? या चुका टाळा

रिझोल्यूशन, म्हणजे जागा किती बारकाईने कळते ते, मनासारखं येत नाही म्हटलं की पहिला हात इलेक्ट्रॉनिक्सवर जातो. जास्त बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा) घ्या, प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा) बदला. जळगाव-धुळ्याकडे प्रकल्पासाठी पीएसडी (न्यूट्रॉन कुठे पकडला गेला ते सांगणारी, हेलियम-३ वायू भरलेली आणि मधून तार गेलेली नळी) हाती घेणाऱ्यांनी आधी गॅसकडे बघावं, असं मला कळकळीने वाटतं.

हेलियम-३ने थर्मल (मंद) न्यूट्रॉन शोषला की ७६४ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा सुटते. ५७३ प्रोटॉनला, १९१ ट्रायटॉनला (हायड्रोजन-३च्या केंद्रकाला). दोघं विरुद्ध दिशांना पळतात आणि प्रोटॉन बराच लांब जातो. त्यामुळे तारेवर जमलेल्या चार्जचा मध्य मूळ जागेवर न पडता प्रोटॉनच्या बाजूला सरकतो. दिशा दर वेळी वेगळी, म्हणून ठिपका पसरतो. हा पसारा कुठलाही एडीसी आवरू शकत नाही. नुसत्या हेलियमात, १ वातावरण दाबाला, प्रोटॉन काही सेंटीमीटर धावतो. त्याला रोखायला कार्बन टेट्राफ्लोराइडसारखा वायू पुरेशा दाबाने भरावा लागतो. मग व्होल्टेजही वाढवावं लागतं, त्याची तयारी ठेवा.

दुसरी चूक चार्ज डिव्हिजनमधली, म्हणजे तारेच्या दोन टोकांना पोचलेल्या चार्जच्या वाटणीवरून जागा काढण्यातली. जागा काढतो ती एका टोकाचा चार्ज भागिले दोन्हींची बेरीज अशी. दोन टोकांच्या प्रीॲम्पचे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) सारखे नसतील तर अख्खी मोजपट्टीच वाकडी होते. एकाच पल्सरचा (कृत्रिम सिग्नल देणाऱ्या उपकरणाचा) सिग्नल दोन्हीकडे टेस्ट कपॅसिटरमधून द्या, उत्तर ०.५ आलं नाही, तर न्यूट्रॉन मोजायला बसूच नका.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा त्रास देतो. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावात पारा ४२च्या वर जातो. प्रीॲम्पच्या सिलिकॉनमधला लीकेज करंट (गळणारा प्रवाह) दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, म्हणजे २५ अंशांना जुळवलेला प्रीॲम्प ४२ला तिपटीच्या आसपास गळतो आणि नॉइज वाढतो. सीलबंद नळीत वायूची घनता तीच राहते. पण पी-१० (आर्गॉन-मिथेनचं मिश्रण) वाहतं ठेवून, एक्स-रे सोर्सवर चाचणी घेत असाल, तर तेवढ्याच फरकाने घनता ५ टक्क्यांहून जास्त उतरते आणि गेन त्याहून कितीतरी जास्त चढतो. तापमान आणि हवेचा दाब प्रत्येक रीडिंगशेजारी लिहा. सकाळचं आणि दुपारचं रीडिंग एकाच आलेखात मिसळू नका.

गॅमा किरणांचे सिग्नल दिसले की थ्रेशोल्ड (ज्याखालचे सिग्नल मोजले जात नाहीत ती मर्यादा) भरमसाट वर नेऊ नका. प्रोटॉन किंवा ट्रायटॉन नळीच्या भिंतीला धडकल्याने अर्धवट राहिलेले खऱ्या न्यूट्रॉनचे सिग्नल त्यातच कापले जातात. १९१ केईव्हीच्या खाली ठेवा.

आणि न्यूट्रॉन अडवणाऱ्या कॅडमियमच्या २ मिमी स्लिटने (फटीने) १ मिमी रिझोल्यूशन सिद्ध होत नाही. स्लिट अरुंद करा, नळीला चिकटवून बसवा, मध्यावर झालं की टोकांजवळही मोजा, कारण रेषीयता तिथेच ढळते.