रिसेप्शनच्या फोनवरून परदेशी कॉल कसे जात होते?

ऑफिसची फोन सिस्टीम ॲस्टेरिस्कवर (फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर) आहे. रिसेप्शनच्या फोनला फक्त आतले आणि लोकल कॉल, असं ठरलं होतं. तरी लॉगमध्ये ९०० ने सुरू होणारे कॉल दिसले: बाहेरच्या लाईनचा ९ आणि पुढे परदेशाचं ००.

आधी परदेशी कॉलचा कॉन्टेक्स्ट (कोणत्या फोनला कुठे कॉल करता येतील ते ठरवणारा नियमांचा गट) तपासत बसलो. तो रिसेप्शनला जोडलेलाच नव्हता. चूक निघाली लोकलच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे कोणते नंबर चालतील ते सांगणाऱ्या साच्यात: ‘_९.’. त्यातला टिंब म्हणजे पुढे एक किंवा अधिक काहीही, म्हणजे ९ नंतर अख्खं जग मोकळं! टिंब काढला, ९ नंतर ‘झेड’ घातला (तो १ ते ९ घेतो, ० घेत नाही) आणि उरलेल्या प्रत्येक आकड्यासाठी एकेक ‘एक्स’ (तो ० ते ९ कोणताही आकडा घेतो). डायलप्लॅन (हे सगळे नियम असलेली फाईल) रीलोड करून ९०० लावून पाहिलं. अडलं.

पण आता आकड्यांची संख्या पक्की झाल्यामुळे तीन आकडी आपत्कालीन नंबरही ९ लावून जाईना. हे परदेशी कॉलच्या बिलापेक्षा कितीतरी गंभीर. तो ९ लावून आणि ९ शिवाय असा दोन्ही प्रकारे वेगळा लिहिला आणि प्रत्येक कॉन्टेक्स्टला जोडला. बंदी कितीही कडक असो, हा कॉल प्रत्येक फोनवरून गेलाच पाहिजे.